दचक : रायफलच्या धक्क्याच्या नोंदी

वर्धा जिल्हा, पुलगाव परिसर. आमच्या कॉलेजातले एनसीसीचे १२ कॅडेट, ७ मुली आणि ५ मुलं. मी इथं पदार्थविज्ञान शिकवते आणि एनसीसीचं काम बघते. वहीत पोरांची नावं नाहीत, क्रमांक आहेत. तेच इथं ठेवले आहेत.

८ जुलै २०२४, सोमवार

सकाळपासून उघडीप होती म्हणून परेड मैदानावर झाली. नंतर मागच्या वर्षीच्या फायरिंगचे कागद काढून बसले. १२ पैकी ७ जणांच्या टार्गेटवर पाच गोळ्यांची पाच भोकं नाहीतच. कुणाची तीन, कुणाची दोन. जी आहेत तीही बहुतेक खालच्या अंगाला. .२२ रायफल, २५ मीटर अंतर, पालथं पडून मारायचं. एवढ्या जवळून गोळी कागदाबाहेर जायला नको.

याच पोरांना तोंडी विचारा, घडाघडा सांगतात. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), दुरुस्त ट्रिगर. पहिला दाब, श्वास अर्धा सोडून रोखा, दुसरा दाब. सगळं पाठ आहे. मग रेंजवर काय होतं?

मला ठाऊक आहे काय होतं, कारण माझंही झालं आहे. मी पहिल्यांदा फायर केलं तेव्हा १७ वर्षांची होते. एका कॅम्पात .३०३ ची मोठी रायफल हातात दिली आणि बट, म्हणजे रायफलचा मागचा लाकडी दस्ता, खांद्यावर नेमकं कुठं टेकवायचं ते कुणी दाखवलं नाही. गोळी सुटली, बट दंडावर आदळलं, अंगठा नाकावर आला, आणि मागे उभे असलेले सगळे हसले. पंधरा दिवस खांदा काळानिळा होता. आईला दिसू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालत होते. पुढं कित्येक वर्षं घोडा दाबायच्या आधीच माझे डोळे मिटत, आणि ते मला कळतही नव्हतं. नव्या माणसाला धक्का 'दाखवून' हसणं ही रेंजवरची सगळ्यात वाईट सवय आहे, असं मला मनापासून वाटतं. एका मिनिटाच्या त्या हसण्यानं पुढची पाच-दहा वर्षं वाया जातात.

म्हणून यंदा ठरवलं आहे की फायरिंगच्या आधीचे तीन महिने फक्त धक्क्यावर काम करायचं. मोजून, लिहून.

१५ जुलै, सोमवार

आकडेमोड झाली. वर्गात फळ्यावरच केली, म्हणजे अकरावीचा संवेग-अक्षय्यतेचा धडाही त्यात होऊन गेला.

गोळी पुढं जाते, रायफल मागं येते. दोघींचा संवेग सारखा. पण फक्त गोळी धरून भागत नाही, जळलेल्या दारूचा वायूही धरावा लागतो, कारण तो गोळीपेक्षाही वेगानं बाहेर पडतो. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ४ किलोची रायफल यामुळं मागं येते ती सेकंदाला पाव मीटरपेक्षाही कमी वेगानं. धक्क्याची ऊर्जा ज्यूलच्या दहाव्या हिश्श्याएवढी. लष्कराच्या इन्सास रायफलची ५.५६ ची गोळी ४ ग्रॅमची, वेग ९०० च्या घरात, धक्का ४ ज्यूलच्या आसपास. लष्कराची जुनी एसएलआर रायफल ७.६२ ची, गोळी साडेनऊ ग्रॅम, वेग ८४०, धक्का १५ ज्यूलच्या आसपास. .३०३ ही जवळजवळ तेवढीच. आणि शेतकऱ्याची १२ बोअर या सगळ्यांच्या वर, २५ ते ३० ज्यूल, कारण ती हलकी आणि तिच्यातून एका वेळी तीस-बत्तीस ग्रॅम छर्रा जातो.

ज्यूल म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून सांगितलं, एक किलोची मिठाची पिशवी सव्वा सेंटीमीटरवरून खांद्यावर सोडली तर जेवढं लागेल तेवढी .२२. ४० सेंटीमीटरवरून सोडली तर इन्सास. दीड मीटरवरून सोडली तर एसएलआर.

क्र. ४ नं लगेच विचारलं, "मॅडम, मग .२२ ले आपण कायले घाबरून राहिलो?"

वर्षभराच्या कामाचा प्रश्न त्यानं एका वाक्यात मांडला. सव्वा सेंटीमीटरवरून पडलेल्या मिठाच्या पिशवीनं कुणी डोळे मिटत नाही. म्हणजे .२२ वर पोरं ज्याला दचकतात ती गोष्ट खांद्यात नाही.

२३ जुलै, मंगळवार

झोका तयार झाला. कॉलेजच्या मागच्या कडुनिंबाच्या फांदीला दोर बांधून खताची धुतलेली चुंगडी टांगली, आत बरोबर ४ किलो रेती. गावातल्या सुतारानं बाभळीच्या फळीची एक रायफल करून दिली. आत लोखंडी सळई घालून वजन ४ किलोवर आणलं. पोरानं लाकडी रायफल खांद्याला लावायची, आणि समोरून चुंगडी झोक्यासारखी येऊन नळीच्या टोकावर आदळेल. चुंगडी किती उचलून सोडायची ते गणितानं काढलं. ३ मिलिमीटर उचलली की .२२ एवढा ढकल, १० सेंटीमीटर उचलली की इन्सास, ४० च्या वर उचलली की एसएलआर.

खरा धक्का यापेक्षा झटकन येतो, रेतीचा दाब हळू चढतो. आवाज तर नाहीच. तरीही खांद्याला किती सोसायचं आहे ते कळण्यापुरतं हे पुरेसं आहे. ४० सेंटीमीटरचा फक्त माझ्यावर करून पाहिला. पोरांवर करणार नाही.

सुतारदादांनी बट करताना माझ्याकडून चार वेळा खांदा मोजून घेतला. म्हणाले, "बाई, कुऱ्हाडीचा दांडा काय न् हे काय, माणूस पाहून करा लागते." फार खरं बोलले. जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे .३०३ ची, बटं कारखान्यातूनच वेगवेगळ्या लांबीत येत. लांब, नेहमीची, आखूड, आणि त्याहून आखूड 'बँटम'. आमच्या क्र. ९ ची उंची चार फूट दहा इंच आहे. तिला नेहमीचं बट दिलं की ती मान पुढं ताणते, गाल लाकडावरून सुटतो आणि बट खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडावर येतं. तिथंच मार बसतो. तिच्यासाठी तीन सेंटीमीटर आखूड बट वेगळं करायला सांगितलं आहे.

१ ऑगस्ट, गुरुवार

झोक्यावरचा पहिला खरा दिवस. आधी रायफल खांद्यापासून दोन बोटं दूर धरायला लावली आणि चुंगडी १० सेंटीमीटरवरून सोडली. सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. मग बट खोबणीत घट्ट ओढून घ्यायला लावलं आणि तेवढ्याच उंचीवरून पुन्हा सोडली. पहिल्या वेळी लाकूड खांद्यावर आदळलं होतं, दुसऱ्या वेळी खांद्यासकट अख्खं धड मागं गेलं आणि परत आलं. चुंगडी तीच, उंची तीच. क्र. २ म्हणाली, "पहिल्यानं मारलं, आता ढकललं."

ही दोन बोटांची फट फार महत्त्वाची आहे. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. लागेल म्हणून रायफल अंगापासून दूर ठेवतो, आणि दूर ठेवली म्हणूनच ती जास्त लागते.

खोबण म्हणजे कुठं, हे प्रत्येकाच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. मुलींना मी, मुलांना उस्तादांनी, म्हणजे एनसीसीच्या लष्करी प्रशिक्षकांनी. गळ्याचं हाड जिथं संपतं त्याच्या खाली, खांद्याच्या सांध्याच्या आत, कोपर थोडं बाहेर नेलं की मांसाचा जो खळगा होतो तो. हाडावर बट नको, दंडाच्या गोळ्यावर नको.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत मी वाचली नाही, ती इथं लिहून ठेवते. उजव्या खांद्यावर आतल्या कपड्याच्या पट्टीची कडी नेमकी त्याच खळग्यात येते. बटाखाली ती कडी सापडली की नाण्याएवढा वळ उठतो, आणि पोरगी लाजेनं सांगत नाही, फक्त पुढच्या गोळीला अंग चोरते. कडी मागं सरकवायची, ओढणीची पिन काढायची, खिशातलं पेन काढायचं. आंबाडा मानेच्या वर बांधायचा, नाहीतर पालथं पडल्यावर टोपी पुढं ढकलली जाते आणि मान आखडते. हे मी आता प्रत्येक वेळी मोठ्यानं, सगळ्या मुलींसमोर, सहज सांगणार आहे.

संध्याकाळी बातमी आली. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक, ४५१.४ गुण. पोरांच्या ग्रुपवर धडाधड मेसेज. त्याच्या हातातली रायफलही .२२ चीच, हे मी मुद्दाम लिहिलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा, सेकंदाला २४० चित्रं. म्हणजे दोन चित्रांमध्ये ४ मिलिसेकंदांचं अंतर. परेडच्या निकामी केलेल्या डी.पी. रायफलींपैकी तीनचा घोडा अजून खटकन वाजतो. त्यावर प्रत्येकाचे १० खटके घेतले, कॅमेरा चेहऱ्यावर. मधूनच, पोराला न सांगता, मागं उभ्या कॅडेटनं खटक्याबरोबर लोखंडी पत्र्यावर हातोडी मारायची.

आज दिवसभर हे व्हिडिओ पाहिले. जे दिसलं ते नीट लिहिते.

पापणी दोन वेगवेगळ्या वेळी मिटते. एक, आवाजानंतर. साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांनी, म्हणजे आठ-दहा चित्रांनंतर. ही सगळ्यांची मिटते, माझीही, उस्तादांचीही. ही शरीराची चाल आहे, तिच्याशी भांडायचं कारण नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला एक ते तीन मिलिसेकंद लागतात. पापणी हलायच्या आत ती नळीबाहेर गेलेली असते. २५ मीटर जायला .२२ ला ८० मिलिसेकंद लागोत, पण एकदा नळी सोडल्यावर तुमचे डोळे मिटले काय न् उघडे काय, तिला फरक पडत नाही.

दुसरी, खटक्याच्या आधी. क्र. ७ च्या दहापैकी नऊ वेळा डोळे खटक्याच्या २०० ते ३०० मिलिसेकंद आधी मिटले आहेत. त्याच क्षणी उजवा खांदा पुढं आला, डाव्या हाताची मूठ आवळली, नळीचं टोक खाली गेलं. सगळं घोड्याच्या आधी. क्र. १, ५, ९ आणि ११ चंही तसंच, थोडं कमी.

म्हणजे ज्याला आम्ही सगळे 'झटक्यामुळं गोळी गेली' म्हणत आलो, त्या वेळी झटका अजून आलेलाच नसतो. झटक्याची वाट पाहणारं अंग गोळी घालवतं. कुणाच्या अंगावर येणारं ढोर पाहून आपण जसे आधीच आखडतो, तसं.

क्र. ७ ला व्हिडिओ एकटीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "मी डोये मिटते हे मले माहीतच नव्हतं, मॅडम."

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. उद्या तान्हा पोळा. सराव बंद. बैलांना घुंगरू घालताना क्र. ३ च्या घरच्या नव्या गोऱ्ह्यानं दोन हिसके दिले, त्याच्या आज्यानं मान थोपटत उभं ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून घातलं. या आज्यांकडं एके काळी पीक राखण्याच्या परवान्याची भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक, होती. रानडुकरांवर कधी चालवली का विचारलं तर म्हणाले, बहुतेक वर चालवली, आवाजासाठी. खांद्यावर दुपट्ट्याची चार पदरी घडी ठेवत असत. घडीनं धक्का कमी होत नाही, पण जास्त जागेवर पसरतो. आमच्या क्र. ९ ला ती घडी चालणार नाही, तिचं बट आणखी लांब होईल.

९ सप्टेंबर, सोमवार

क्र. ७ विषयी.

हिचं गाव पुलगावच्या दारूगोळा भांडारापासून लांब नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागून स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन दलाचे लोक गेले, आजूबाजूची गावं रातोरात हलवली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. आज झोक्याजवळ बसून तिनं स्वतःहून सांगितलं. पहिल्या आवाजानं ती जागी झाली, ते तिला आठवत नाही. आठवतं ते पुढचं. सगळे अंगणात उभे, आईनं तिचं डोकं पोटाशी दाबून धरलेलं, आणि आता पुढचा कधी होईल याची वाट. "आवाज तं होऊन जाते मॅडम. त्याच्या आधी जे गप्प होते ना, ते सहन नाही होत."

घोड्यावर बोट ठेवल्यावर रेंजवर तीच शांतता होते.

मी तिला सांगितलं की फायर केलं नाही तरी चालेल, एनसीसीत करायला दुसरं पुष्कळ आहे. ती म्हणाली, करायचं आहे. मग दोघींनी मिळून ठरवलं. पत्र्यावरची हातोडी आता तिच्या हातात. इतरांच्या खटक्याला आवाज ती करणार. कधी करायचा, किती जोरात, तिच्या मर्जीनं. आठवडाभर तेच. मग ती पत्र्यापासून ३० पावलांवर उभी राहणार आणि दुसरा कुणी मारणार, पण हात वर करून इशारा ती देईल तेव्हाच. मग २० पावलं, मग १०. घाई नाही.

यावर कॉलेजातल्या एकांनी मला विचारलं की असल्या मुलीला रायफलजवळ न्यायचंच कशाला. मी त्यांना उत्तर दिलं नाही. इथं देते. या भागात आवाज टळत नाहीत. जागलीला गेलेले लोक रात्रभर डुकरांसाठी फटाके लावतात, लग्नात बॉम्ब लावतात. ती आयुष्यभर आखडून राहील त्यापेक्षा तिनं स्वतःच्या हातानं हातोडी मारलेली बरी.

२८ सप्टेंबर, शनिवार

कानाची बोंडं आली. फोमची, स्वस्तातली, पाकिटात जोडीनं मिळतात. ती घालायचीही पद्धत आहे आणि ती कुणी शिकवत नाही. बोटांनी पिळून वातीसारखी बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून मागून नेऊन कानाची पाळी वर-मागं ओढायची, आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. नुसती कानात खोचली तर अर्धा आवाज तसाच आत जातो. आमच्यात १२ पैकी ९ जणांची पहिल्यांदा चुकली.

बोंडं घालून पुन्हा खटके आणि पत्रा. कॅमेऱ्यात आधी मिटणाऱ्या पापण्या १२० खटक्यांत ४७ होत्या, त्या १९ वर आल्या. झोका तोच, रायफल तीच, फक्त कान बंद. धक्क्याची भीती म्हणून आम्ही ज्याला हात घालत होतो, तिचा मोठा वाटा कानातून येतो हे आता वहीत आहे. सैन्याच्या मोठ्या रायफलींचा आवाज नळीजवळ दीडशे डेसिबलच्या पुढं जातो. अशा एकेका आवाजाला १४० ही कानाची हद्द धरतात. बोंडं ही लाडाची गोष्ट नाही. जुने लोक कापूस घालत. आपल्या कापसाच्या मुलुखात ते सोपं, पण साध्या कापसानं आवाज फारसा अडत नाही.

५ ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी सुरू. १२ पैकी ५ जणच आले. नाण्याचा सराव. नळीच्या टोकाशी पाच रुपयांचं नाणं ठेवायचं आणि ते न पडता खटका करायचा. क्र. ७ चे लागोपाठ १४.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. कॅम्प

रेंज. मागं मातीचा उंच बांध, लाल झेंडा, एका वेळी दोन फायरर. प्रत्येकी १० गोळ्या. मी उस्तादांना आधीच विनंती केली होती, ते तयार झाले. या .२२ मध्ये गोळी एकेक करून हातानं भरतात. उस्ताद भरणार, फायरर समोर पाहत राहणार. दहात तीन वेळा उस्ताद जिवंत गोळीऐवजी आधी उडालेल्या गोळीचं रिकामं खोकं भरतील. कोणत्या वेळी, ते फक्त त्यांनाच ठाऊक.

रिकामं खोकं घालण्याचा आणखी एक फायदा आहे. .२२ चा फायरिंग पिन खोक्याच्या कडेवर मारतो. आत काहीच नसेल तर तो चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीच्या, काठावर आपटून काठ खराब होतो. म्हणून .२२ नुसती खटकवत बसू नये. पोरांना हे माहीत नसतं आणि ती कौतुकानं खटकवतात.

सुरक्षेची बाब ठरवून घेतली. खटका झाला आणि गोळी सुटली नाही, तर रायफल तशीच टार्गेटकडं, बोट बाहेर, कुणी उठायचं नाही, उस्ताद सांगेपर्यंत. रिकामं खोकं असो वा उशिरा पेटणारी गोळी, फायररसाठी नियम एकच.

क्र. १ च्या चौथ्या गोळीला खोकं होतं. खटका. आणि रायफलचं तोंड वीतभर खाली. धक्का नाही, आवाज नाही, आणि तरी अंगानं पूर्ण उडी घेतली. लाइनवर सगळ्यांनी पाहिलं. मागच्या वर्षी असतं तर हसू फुटलं असतं. उस्ताद खाली बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, शांतपणे म्हणाले, "देखा बेटा? गोली थी ही नहीं। अब अगली में पता मत करना कि भरी है या खाली। बस दबाते जाना, दबाते जाना।"

'दबाते जाना' हेच नेमकं. घोडा 'आता' म्हणून ओढायचा नाही. पहिला दाब घेतला, दुसऱ्या दाबावर बोटाचं वजन थेंबाथेंबानं वाढवत न्यायचं, आणि कधी सुटेल ते स्वतःलाही कळू द्यायचं नाही. अंगाला वेळच कळली नाही तर ते आखडणार कधी?

क्र. १ च्या पुढच्या खोक्याला नळी दोन बोटं हलली. तिसऱ्याला हलली नाही.

क्र. ११ चं गूढही आज उलगडलं. तो उजवा, पण त्याचा डावा डोळा जोराचा. इतके दिवस तो मान वाकडी करून डावा डोळा साइटवर आणत होता, त्यामुळं गाल सुटत होता आणि प्रत्येक धक्क्याला लाकूड गालफडावर बसत होतं. त्याची भीती खरी होती, त्याला खरंच लागत होतं. डाव्या खांद्यावर रायफल दिली. बोल्ट ओढायला अवघड, पण एकेरी भरण्यात चालतं. उतरल्यावर त्यानं गाल चोळला नाही.

क्र. ७ सहाव्या तुकडीत. तिला मी आधीच्या पाचही तुकड्यांच्या वेळी लाइनच्या मागं, बोंडं घालून, जमिनीवर बसवून ठेवलं होतं. प्रत्येक तुकडीगणिक पाच पावलं पुढं. जमिनीतून येणारी धडक अंगाला आधी ओळखीची व्हावी म्हणून. तिच्या सात खऱ्या गोळ्यांपैकी सातही कागदावर, पाच एका पोळीएवढ्या जागेत. तीन खोक्यांपैकी एकाला नळी हलली. एकाला. उठल्यावर तिनं मला काही सांगितलं नाही, टार्गेटचा कागद घडी करून खिशात ठेवला. नियमाप्रमाणे तो जमा करायचा असतो. मी मागितला नाही.

२२ ऑक्टोबर

एकूण. १२ जणांच्या ८४ खऱ्या गोळ्या, ७९ कागदावर. ३६ खोकी, नळी हललेली ११. तीन महिन्यांपूर्वी या ११ च्या जागी याहून जास्त असतं, असं व्हिडिओ पाहून मला वाटतं.

अजून दचकणारे तिघे राहिले, क्र. ५, ९ आणि १०. क्र. ९ चं आखूड बट लाकडी रायफलला आहे, रेंजवरच्या खऱ्या रायफलला नाही. ती तिथं पुन्हा मान ताणत होती. यावर माझ्याकडं उपाय नाही, युनिटला लिहिलं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

एनसीसी दिन. कापूस वेचणी जोरात, तरी ९ जण आले. झाडं लावली, झोक्यावर नव्या पहिल्या वर्षाच्या पोरांना जुन्यांनीच बसवलं. क्र. २ त्यांना दोन बोटांची फट दाखवत होती. मी काही बोलले नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

लष्कराच्या युनिटबरोबरच्या कॅम्पाला चौघे गेले होते, त्यात क्र. ७ आणि क्र. १. आज परतले. तिथं इन्सास मिळाली, १०० मीटरवर. .२२ च्या तीसपटीहून जास्त ऊर्जेचा धक्का. मला तीच काळजी होती की या उडीत सगळं परत विस्कटेल. क्र. १ म्हणाला, पहिल्या गोळीला वाटलं, "हे तं आपल्या चुंगडीचंच हाय. दहा सेंटीमीटर." वजन जास्त, म्हणून रायफल अंगात नीट बसते, असंही त्याचं म्हणणं. तिथल्या उस्तादांनी त्याला विचारलं की घरी बंदूक आहे का.

क्र. ७ चा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, त्याच्याहून मोठा आला. पण तिनं जे सांगितलं ते शब्दशः लिहून ठेवते. "शेवटच्या तीन गोळ्यांले मी मोजलंच नाही मॅडम. आवाज झाला तवा समजलं का सुटली."

१६ डिसेंबर, सोमवार

झोक्याचा दोर फांदीपाशी झिजला आहे, बदलायचा. चुंगडीतली रेती ओली होऊन वजन सव्वाचार किलो भरलं, वाळवून पुन्हा मोजायची. सुतारदादांना दुसरं आखूड बट सांगितलं. यंदाच्या नव्या ८ पोरींत दोघी क्र. ९ एवढ्याच उंचीच्या आहेत.